सांधणारी माती

लग्न दोघांचें असलें तरी सोयरीक दोन घरांची होते, असें मराठी कुटुंबांतून पिढ्यान्पिढ्या मानण्यांत आलें आहे. मुलानें मुलीला व मुलीनें मुलाला पसंत केलें म्हणजे निम्मेंच काम झालें. उरलेलें निम्में काम वडीलमाणसांनीं ओटीवर बसून पुरें करावयाचें असतें. चार लोकांदेखत शब्द दिला गेला, साखरपुडा झाला, म्हणजे त्या नात्याला घराचें छप्पर मिळालें. हें छप्पर न मिळतां झालेले विवाह जगांत थोडे नाहींत. परंतु वर काळ्या वंशाचा, वधू गोऱ्या वंशाची, आणि दोन्ही घरचीं वडीलमाणसें विरुद्ध, अशा स्थितींत झालेल्या एका वाङ्निश्चयानें दोन घरेंच नव्हेत तर तीन सरकारें अस्वस्थ झालीं. सेरेत्से खामा आणि रूथ विल्यम्स यांच्या विवाहाची ती हकीकत आहे. त्या दोघांच्या प्रेमाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे; पण त्या हकीकतीचा खरा बोध प्रेमांत नसून, दुखावलेल्या घरानें तें नातें शेवटीं कसें आपलेंसें केलें, यांत आहे.

सेरेत्सेचा जन्म १ जुलै १९२१ रोजीं सेरोवे या गांवीं झाला. दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेस, कालाहारीच्या वाळवंटाला लागून असलेला तो मुलूख त्या काळीं बेचुआनालँड म्हणून ओळखला जाई, आणि १८८५ सालापासून तो ब्रिटिशांच्या संरक्षणाखालीं होता. आज त्याचें नांव बोत्स्वाना. तेथील बामांग्वाटो ही एक मोठी जमात, आणि तिचा सेरेत्से हा जन्मानें वारस. जमातीच्या राजाला तेथें खोसी म्हणतात. सेरेत्सेचा आजोबा तिसरा खामा हा त्या प्रदेशांतला सर्वांत नांवाजलेला खोसी. त्यानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आपल्या राज्यांत दारूबंदी केली, आणि १८९५ सालीं दुसऱ्या दोन खोसींसह लंडन गांठून, आपला मुलूख सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीच्या हवालीं करूं नये म्हणून यशस्वी रदबदली केली. या खामाचें व त्याच्या मुलाचें, सेकगोमाचें, कित्येक वर्षें वितुष्ट होतें. तें मिटल्यानंतर नातू जन्मास आला, म्हणून त्याचें नांव सेरेत्से ठेवण्यांत आलें. फुटलेलें सांधणारी ओली माती, असा त्या शब्दाचा अर्थ सांगतात. हें नांव त्या मुलाला पुढें किती कठीण प्रसंगीं सार्थ करावें लागणार आहे, याची कल्पना त्या वेळीं कोणास असणें शक्य नव्हतें.

१९२३ सालीं आजोबा गेले, १९२५ सालीं वडील गेले, आणि चार वर्षांचा सेरेत्से नांवाचा खोसी झाला. राज्यकारभार पाहण्यासाठीं त्याचा चुलता त्सेकेदी यास बोलावण्यांत आलें. त्सेकेदी त्या वेळीं जेमतेम वीस वर्षांचा होता व फोर्ट हेअर येथील कॉलेजांत शिकत होता. शिक्षण अर्धें टाकून तो परत आला आणि पुढें वीस वर्षांहून अधिक काळ त्यानें पुतण्याचें राज्य विश्वस्ताच्या निष्ठेनें सांभाळलें. त्यानें सेरेत्सेला पोटच्या मुलाप्रमाणें वाढविलें, उत्तम शाळांतून शिकविलें, स्वतःला अपुरें राहिलेलें शिक्षण पुतण्याला पुरें मिळावें म्हणून त्याला फोर्ट हेअरला व तेथून १९४५ सालीं ऑक्सफर्डला पाठविलें. ऑक्सफर्डनंतर सेरेत्से बॅरिस्टर होण्यासाठीं लंडनला आला.

त्सेकेदी हा कोणी संकुचित किंवा भित्रा मनुष्य नव्हता, हें येथें नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. १९३३ सालीं जमातीच्या न्यायसभेपुढें एका गोऱ्या तरुणास शिक्षा केल्याबद्दल ब्रिटिश अधिकाऱ्यांनीं त्याला कांहीं काळ पदच्युत केलें होतें; तरी तो नमला नाहीं. १९४६ सालीं शेजारचा नैऋत्य आफ्रिकेचा प्रदेश दक्षिण आफ्रिकेनें गिळूं नये म्हणून संयुक्त राष्ट्रांपर्यंत आवाज पोंचविण्याची खटपट त्यानें केली. गोऱ्यांच्या अरेरावीशीं जन्मभर झुंजलेला हा माणूस पुतण्याच्या गोऱ्या वधूला विरोध करण्यास उभा राहिला, तो केवळ रंगाच्या तिरस्कारानें नव्हे. त्याच्या विरोधाचीं मुळें खोल होतीं, आणि तीं समजून घेतल्याखेरीज पुढील समेटाचें मोल कळणार नाहीं.

रूथ विल्यम्सचा जन्म १९२३ सालीं दक्षिण लंडनमधील ब्लॅकहीथ येथें झाला. तिचे वडील पूर्वीं हिंदुस्थानांत लष्करी अधिकारी होते व पुढें चहाच्या व्यापारांत पडले. दुसऱ्या महायुद्धांत रूथ हवाई दलाच्या महिला पथकांत रुग्णवाहिका चालवीत असे. युद्ध संपल्यावर ती विमा व्यवसायांतील एका कचेरींत कारकुनी करूं लागली. तिची बहीण म्युरिअल मिशनऱ्यांच्या कार्यांत रस घेई. १९४७ सालच्या जून महिन्यांत लंडनमधील नटफर्ड हाउस या विद्यार्थिगृहांतील नृत्याच्या कार्यक्रमास म्युरिअल धाकट्या बहिणीला घेऊन गेली, आणि तेथें तिची सेरेत्सेशीं ओळख झाली. दोघांनाही अमेरिकन निग्रो गायकांचें जाझ संगीत आवडे; प्रथम बोलणें झालें तें संगीताविषयीं. वर्षभराच्या परिचयानंतर, १९४८ च्या उन्हाळ्यांत, सेरेत्सेनें तिला मागणी घातली व तिनें होकार दिला.

हा होकार म्हणजे काय, हें दोघांनाही ठाऊक होतें. रूथनें घरीं ही वार्ता सांगतांच वडिलांनीं तिला घराबाहेर काढलें. हिंदुस्थानांतील छावणीचें जीवन पुण्याच्या किंवा देवळालीच्या जुन्या लोकांनीं पाहिलेलें होतें. गोऱ्यांचे बंगले निराळे, त्यांचे क्लब निराळे, आणि काळ्या माणसानें त्यांत शिरावयाचें तें हातांत तबक घेऊन. ज्यानें आपलें तारुण्य त्या वातावरणांत घालविलें, त्याच्या घरीं काळा जांवई येणें किती अवघड, हें मराठी माणसाला वेगळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. कचेरींतही तेंच झालें. न्यूयॉर्कच्या शाखेंत बदली घ्या, नाहीं तर नोकरी सोडा, असा पर्याय तिच्यापुढें ठेवण्यांत आला. तिनें नोकरी सोडली.

इकडे सेरेत्सेनें चुलत्याला पत्र लिहून आपला निश्चय कळविला. पत्र विमानाच्या टपालानें सेरोवेस पोंचलें, आणि त्सेकेदीला जणुं वीज पडल्यासारखें झालें. ज्याच्यासाठीं आयुष्य वेंचलें, त्यानें आपल्याला विचारलें नाहीं, नुसतें कळविलें! त्यानें तारांवर तारा केल्या. लंडनच्या मिशनऱ्यांना, वकिलांना, अधिकाऱ्यांना त्यानें विनविलें कीं, कसेंही करून हें लग्न थांबवा. वाङ्निश्चय झालेल्या त्या जोडप्यानें केन्सिंग्टनमधील एका चर्चमध्यें २५ सप्टेंबर हा दिवस ठरविला होता. त्या दिवशीं दडपणाखालीं आलेल्या धर्मगुरूनें विधि करण्याचें नाकारलें व लंडनच्या बिशपकडे बोट दाखविलें. बिशपनें वसाहत खात्याची संमति आणावयास सांगितलें. ईश्वरासमोर शपथ घेण्यासाठीं सरकारी खात्याची चिठ्ठी लागावी, ही गोष्ट त्या दोघांना विलक्षण वाटली असल्यास नवल नाहीं. चार दिवसांनीं, २९ सप्टेंबर १९४८ रोजीं, केन्सिंग्टनच्या नोंदणी कचेरींत त्यांचा विवाह झाला. वऱ्हाड नाहीं, वाजंत्री नाहीं, वडीलमाणसांचा आशीर्वाद नाहीं.

आतां त्सेकेदीची बाजू. बामांग्वाटोंच्या रूढीप्रमाणें खोसीचें लग्न ही त्याची खासगी बाब नव्हे. खोसीची पत्नी ती सर्व लोकांची माता, आणि तिचा मुलगा उद्यांचा खोसी. म्हणून ती कोण असावी हें वडीलमाणसांनीं व लोकांनीं मिळून ठरवावयाचें. सेरेत्सेनें तो हक्कच डावलला होता. दुसरी गोष्ट, या विवाहाच्या संततीला लोक खोसी म्हणून मानतील काय, कीं गादीसाठीं पुन्हा भाऊबंदकी माजेल, ही त्याची चिंता होती. आणि तिसरी गोष्ट याहूनही गंभीर होती. १९४८ च्या मे महिन्यांत दक्षिण आफ्रिकेंत मालान यांचा पक्ष वर्णभेदाचा कार्यक्रम घेऊन सत्तेवर आला होता, आणि बेचुआनालँड आपल्या राज्यांत सामील करून घेण्याची त्या देशाची जुनीच हांव होती. अशा शेजाऱ्याला डिवचणारें लग्न खोसीनें करावें, हें त्सेकेदीला राजद्रोहाइतकेंच धोक्याचें वाटलें. त्याच्या रागांत दुखावलेला बाप होता, तसाच जागरूक राज्यकर्ताही होता.

त्यानें पुतण्याला परत बोलावलें आणि प्रकरण जमातीच्या सभेपुढें, म्हणजे खोट्लापुढें, ठेवलें. खोट्ला म्हणजे लांकडी खांबांच्या अर्धवर्तुळाकार कुंपणांत, उघड्यावर भरणारी, त्या काळीं पुरुषांची, सभा. महाराष्ट्रांतील गांवच्या पारासारखी किंवा चावडीसारखी ती जागा असते; फरक इतकाच कीं तेथें ज्याला बोलावयाचें असेल त्यानें बोलावें, खोसीनें सर्वांचें ऐकावें, आणि सर्वांच्या शेवटीं बोलावें. खोसी हा लोकांमुळें खोसी असतो, अशी त्यांची म्हणच आहे.

पहिली सभा नोव्हेंबर १९४८ मध्यें भरली व पांच दिवस चालली. वडीलमाणसें एकामागून एक उठलीं आणि बहुतेक सर्वांनीं त्सेकेदीची बाजू उचलून धरली. सेरेत्सेनें एक गोष्ट मान्य केली: लोकांना न विचारतां लग्न केलें ही आपली चूक झाली. पण बायकोला सोडण्याचें त्यानें साफ नाकारलें. गादी पाहिजे असेल तर पत्नीसह, नाहीं तर गादीही नको, असा त्याचा एकच निर्धार राहिला. डिसेंबरच्या अखेरीस दुसरी सभा भरली, तेव्हां विरोधाची धार थोडी बोथट झालेली दिसली. तिसरी सभा जून १९४९ मध्यें. दूरदूरच्या गुरांच्या वाड्यांवरून हजारों माणसें आलीं. शेवटच्या दिवशीं सेरेत्सेनें उठून विचारलें कीं, आपल्याला व आपल्या पत्नीला ज्यांचा विरोध असेल त्यांनीं उभें राहावें. सुमारें चाळीस माणसें उभीं राहिलीं. मग त्यानें विचारलें कीं, पत्नीसह आपला स्वीकार करणारे कोण? त्याबरोबर सारा समुदाय उभा राहिला आणि ‘पुला! पुला!’ असा घोष दुमदुमला. पुला म्हणजे पाऊस. त्या तहानलेल्या मुलखांत याहून मंगल शब्द नाहीं. आशीर्वाद, अभिनंदन, जयजयकार, सारें त्या एका शब्दांत येतें. ज्यांनीं मृगाच्या पहिल्या सरीची वाट पाहत आभाळाकडे डोळे लावले आहेत, त्या दुष्काळी भागांतील मराठी शेतकऱ्यांना त्याचा अर्थ सहज कळेल.

सात महिन्यांत असें मन कां पालटलें? त्याचीं कारणें एकाच जातीचीं नव्हतीं. गोरी राणी नाकारली तर हक्काचा खोसी जातो, आणि मग त्सेकेदीच कायमचा गादीवर बसेल, ही शंका पुष्कळांच्या मनांत होती. त्याचा कडक कारभार सर्वांनाच रुचत होता असें नाहीं. परंतु याहून मोठें कारण असें कीं, हा प्रश्न उघड्यावर, दिवसाउजेडीं, सर्वांदेखत बोलला गेला. ज्याच्यावर आरोप होता तो समोर उभा होता. तो चुकीबद्दल नम्र होता व शब्दाबद्दल ठाम होता. ज्यानें बायकोला दिलेला शब्द मोडला नाहीं, तो लोकांना दिलेला शब्द मोडणार नाहीं, असा विश्वास वाटण्यास ती सभाच कारण झाली.

त्सेकेदी मात्र हरला. तो आपल्या अनुयायांसह शेजारच्या जमातीच्या हद्दींत निघून गेला. आणि सेरेत्से गादीवर बसण्यास योग्य आहे कीं नाहीं याची न्यायालयीन चौकशी व्हावी, अशी मागणी त्यानें केली. ऑगस्टमध्यें रूथ आपल्या सासरीं पोंचली. सेरोवेंतल्या मूठभर गोऱ्या वस्तीनें तिच्यापासून अंतर राखलें; बामांग्वाटोंच्या बायका मात्र तिला पाहावयास आल्या, आणि आपल्या लोकांची माता म्हणून त्यांनीं तिला स्वीकारलें.

येथें या कुटुंबाची गोष्ट संपावयास हवी होती. परंतु घरानें जें स्वीकारलें तें सरकारांना मानवेना. दक्षिण आफ्रिकेंत १९४९ सालींच मिश्रविवाह बेकायदा ठरविणारा कायदा झाला होता. सरहद्दीपलीकडे एक काळा राजा गोऱ्या राणीसह सुखानें नांदतो आहे, हें दृश्य त्या कायद्याला दिवसरात्र खोटें पाडणारें होतें. दक्षिण ऱ्होडेशियाचें गोरें सरकारही तितकेंच चिडलें. युद्धानें कर्जबाजारी झालेल्या ब्रिटनला दक्षिण आफ्रिकेचें सोनें हवें होतें, अणुशक्तीसाठीं युरेनियम हवें होतें, आणि त्या देशाला दुखवावयाचें नव्हतें. त्यांतून बेचुआनालँडच्या कारभाराची मुख्य कचेरी मॅफेकिंग येथें, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्याच हद्दींत होती! सर वॉल्टर हॅरेगिन यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी बसली. या विवाहाची अडचण वगळली तर सेरेत्से खोसी होण्यास पूर्ण योग्य आहे, असें त्या चौकशींत निघालें. असा निर्णय प्रसिद्ध करणें सोयीचें नव्हतें. सरकारनें तो अहवाल कित्येक वर्षें दडवून ठेवला.

१९५० च्या फेब्रुवारींत सेरेत्सेला विचारविनिमयासाठीं म्हणून लंडनला बोलावण्यांत आलें. तेथें त्याला वर्षाला ११०० पौंड घेऊन गादीवरचा हक्क सोडण्यास सुचविण्यांत आलें. त्यानें तें नाकारलें. तेव्हां मार्च महिन्यांत, पांच वर्षें स्वदेशीं पाऊल ठेवावयाचें नाहीं, असा हुकूम झाला. सरकारनें आपल्याला फसविलें, अशा आशयाची तार त्यानें सेरोवेस पाठविली. रूथ त्या वेळीं गरोदर होती व सासरीं एकटी होती.

त्याच महिन्याच्या १३ तारखेस ब्रिटिश हायकमिशनर सर एव्हेलिन बेअरिंग हा निर्णय समजावून देण्यासाठीं सेरोवेस आले. पूर्ण दरबारी पोशाख, पदकें, लवाजमा, सारें व्यवस्थित होतें. फक्त खोट्लांत माणसें नव्हतीं. ज्या अंगणांत नऊ महिन्यांपूर्वीं हजारों कंठांतून पावसाचा घोष झाला होता, तें त्या दिवशीं रिकामें पडलें होतें. सभेपुढें यावयाचें तर ऐकावयास यावें, नुसतें ऐकवावयास येऊं नये, हा त्या रिकामेपणाचा अर्थ होता.

मे महिन्यांत पहिली मुलगी जाकेलिन सेरोवेस जन्मली. ऑगस्टमध्यें सेरेत्से पत्नीसह व तान्ह्या मुलीसह हद्दपारींत निघाला. १९५२ सालीं ही हद्दपारी कायमची असल्याचें जाहीर झालें. त्या वर्षीं सेरोवेच्या खोट्लांत दंगल होऊन तीन पोलीस प्राणांस मुकले, ही गोष्टही लपवितां येत नाहीं. परंतु सरकारनें पुन्हा पुन्हा सांगूनही बामांग्वाटोंनीं दुसरा खोसी निवडला नाहीं. आपला खोसी जिवंत आहे व त्याची बायको आम्हांला पसंत आहे, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें.

या हद्दपारीनें एक अनपेक्षित गोष्ट घडवून आणली. सरकारनें त्सेकेदीलाही त्याच्या जमातीच्या मुलखांत येण्याची बंदी केली होती. ज्या सत्तेला त्यानें लग्न मोडण्यासाठीं हांक मारली, तिनें पुतण्याबरोबर चुलत्यालाही घराबाहेर काढलें. आपल्या घरचें भांडण बाहेरच्याच्या हातीं दिलें म्हणजे घर कोणाचेंच राहत नाहीं, हा अनुभव दोघांनाही सारखाच आला. काळ गेला. विरोधासाठीं जी कारणें त्सेकेदीनें दिलीं होतीं त्यांतलें पहिलें कारण, म्हणजे लोकांची संमति, जून १९४९ मध्येंच नाहींसें झालें होतें. आणि ज्या स्त्रीविषयीं त्याला शंका होती, तिनें नोकरी, माहेर आणि देश गमावूनही नवऱ्याची साथ सोडली नव्हती. राजवैभवाच्या लोभानें आलेली बाई हद्दपारींत टिकत नाहीं, हें समजण्याइतका तो शहाणा होता.

१९५६ सालीं लंडनमध्यें चुलता-पुतणे एकत्र बसले आणि एका कागदावर दोघांनींही सह्या केल्या. ज्या गादीवरून घर फुटलें, तिच्यावरचा आपला हक्क दोघांनींही सोडला. कोणी जिंकलें नाहीं, कोणी हरलें नाहीं. ऑक्टोबर महिन्यांत सेरेत्से व त्याच्या मागोमाग रूथ सामान्य नागरिक म्हणून स्वदेशीं परत आलीं. त्यानंतर चुलता व पुतण्या जमातीच्या कौन्सिलांत एकत्र काम करूं लागले. १९५८ सालीं रूथला जुळे मुलगे झाले. त्यांपैकीं एकाचें नांव तिनें व सेरेत्सेनें त्सेकेदी असें ठेवलें. ज्या चुलत्यानें आपलें लग्न मोडण्यासाठीं पृथ्वी पालथी घातली, त्याचेंच नांव पाळण्यांतल्या मुलाला देणें, यापेक्षां मोठी क्षमा मागणें व देणें नाहीं. त्सेकेदी हें पाहण्यास हयात होता; १९५९ च्या जून महिन्यांत तो वारला.

पुढील इतिहास जगाला माहीत आहे. सेरेत्सेनें १९६२ सालीं राजकीय पक्ष काढला, १९६५ सालच्या निवडणुकींत तो विजयी झाला, आणि बोत्स्वाना स्वतंत्र झाल्यावर त्याचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. स्वातंत्र्याचा मुहूर्त होता २९ सप्टेंबर १९६६ ची मध्यरात्र, म्हणजे नोंदणी कचेरींतील त्या एकाकी विवाहाला बरोबर अठरा वर्षें पूर्ण झालीं तो दिवस. त्या राष्ट्राच्या निळ्या निशाणाच्या मध्यावर काळा पट्टा असून त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या रेघा आहेत. काळ्या-गोऱ्यांचें सहजीवन हा त्याचा अर्थ. राष्ट्रानें आपल्या नाण्याला नांव दिलें तें ‘पुला’.

त्सेकेदीची दुसरी शंका, म्हणजे या विवाहाच्या संततीला लोक खोसी मानतील काय, तिचेंही उत्तर काळानें दिलें. ज्या गादीवरचा हक्क बापानें सोडला होता, तिच्यावर १९७९ सालीं बामांग्वाटोंनीं सेरेत्से-रूथ यांचा थोरला मुलगा इयान यास आपण होऊन बसविलें. पुढें २००८ ते २०१८ या काळांत तो देशाचा राष्ट्राध्यक्षही होता. सेरेत्से १३ जुलै १९८० रोजीं वारला. त्यानंतर रूथ माहेरीं, इंग्लंडला, परत जाईल असें पुष्कळांना वाटलें असेल. ती गेली नाहीं. रेडक्रॉसचें व स्त्रियांच्या संस्थांचें काम करीत ती बोत्स्वानांतच राहिली, आणि २२ मे २००२ रोजीं निवर्तल्यावर सेरोवेस पतीच्या शेजारीं तिला मूठमाती मिळाली. दक्षिण आफ्रिकेचा मिश्रविवाहबंदीचा कायदा १९८५ सालीं रद्द झाला. हें लग्न त्याच्या आधींचें होतें, आणि त्या कायद्याच्या अंतानंतरही त्या लग्नाची विधवा सतरा वर्षें आपल्या लोकांत मानानें नांदली.

या हकीकतींत दोन प्रकारचे नकार दिसतात. एक त्सेकेदीचा: तो तोंडावर दिलेला, कारणांसह दिलेला, चार लोकांदेखत दिलेला नकार होता. दुसरा सरकारांचा: तो बंद दारामागें ठरलेला, अहवाल दडपून आणि गोड बोलावणें पाठवून दिलेला नकार होता. पहिल्या नकाराला उत्तर देतां आलें, म्हणून तो कालांतरानें विरला. दुसऱ्याला उत्तरच देतां येत नव्हतें, म्हणून तो केवळ मोडून पडला. परक्या वंशाची सून किंवा जांवई घरांत येण्याचा प्रसंग आज मराठी कुटुंबांवरही, परदेशीं आणि स्वदेशीं, वरचेवर येतो. त्या वेळीं वडीलमाणसांनीं विरोध केला तर तो अपराध नव्हे. त्या विरोधांत पुष्कळदां वीस वर्षांची माया असते. पण विरोध ओटीवर बोलला जावा, मुलांनीं तो ऐकावा, विचारलें नाहीं ही चूक असेल तर ती कबूल करावी, आणि दिलेला शब्द मात्र सोडूं नये. इतकें झालें म्हणजे बाकीचें काम काळ करतो. भिंतीला तडा जातो तो एका दिवसांत. ती सांधणारी माती मात्र हळूहळू वाळते, आणि वाळल्यावर पुष्कळदां मूळ भिंतीपेक्षां घट्ट बसते. सेरोवेच्या त्या नातवाचें नांव ठेवतांना आजोबांच्या घरानें जी आशा केली होती, ती फळास येण्यास सदतीस वर्षें लागलीं, आणि ती फळली ती एका परक्या मुलीच्या कुशींत जन्मलेल्या धाकट्या त्सेकेदीच्या रूपानें.